बंजुलच्या आयोगापुढे तक्रार कशी मांडावी

आफ्रिकेतील एखाद्या सरकारने लोकांना पिढीजात जमिनीवरून हुसकावले, कोणाला खटला न चालवता डांबून ठेवले किंवा परदेशी रहिवाशांना घाईघाईने सीमेबाहेर काढले, आणि त्या देशाच्या न्यायालयांत दाद मिळाली नाही, तर पीडितांना आणखी एका ठिकाणी जाता येते. मानवी व लोकहक्कांच्या आफ्रिकी आयोगाचे कार्यालय १९८९ पासून गाम्बियाची राजधानी बंजुल येथे आहे. जून १९८१ मध्ये नैरोबी येथे स्वीकारलेली आणि २१ ऑक्टोबर १९८६ रोजी अमलात आलेली आफ्रिकी सनद हा या आयोगाचा पाया आहे. अकरा सदस्यांच्या या आयोगाकडे तक्रार करण्यासाठी शुल्क लागत नाही आणि वकील नेमलाच पाहिजे अशी सक्तीही नाही. तरीही अनेक तक्रारी पहिल्याच टप्प्यावर बाद होतात, कारण अन्याय कितीही खरा असला तरी सनदेच्या ५६व्या कलमातील अटी पूर्ण झाल्याखेरीज आयोग तक्रारीच्या गुणदोषांकडे वळतच नाही. त्या अटींची तयारी बंजुलला पत्र पाठवण्याच्या फार आधी, देशातल्या पहिल्या न्यायालयातच सुरू करावी लागते, आणि म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या तयारीवर खर्ची घातला आहे.

तक्रार कोणाची आणि कोणाविरुद्ध

तक्रार करणारा स्वतः पीडित असण्याची गरज नाही, तो त्या देशाचा नागरिक असण्याचीही गरज नाही. भारतात जनहित याचिकेमुळे ही कल्पना आपल्या ओळखीची आहे, आणि आफ्रिकी आयोगाने ती प्रथमपासून उदारपणे राबवली आहे. ‘पुरोहित आणि मूर विरुद्ध गाम्बिया’ या प्रकरणात मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या दोघांनी मनोरुग्णालयात अडकवून ठेवलेल्या रुग्णांच्या वतीने तक्रार केली. ते रुग्ण १९१७ सालच्या वसाहतकालीन कायद्याखाली स्थानबद्ध होते आणि स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नव्हते. आयोगाने २००३ मध्ये गाम्बियाला दोषी ठरवले. मात्र दुसऱ्यांच्या वतीने अर्ज करताना, शक्य असेल तेथे त्यांची लेखी संमती घ्यावी आणि ती शक्य नसेल तर का शक्य नाही हे अर्जातच सांगावे, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण ज्यांच्या आयुष्याबद्दल हा सगळा खटाटोप चालतो त्यांना त्याची कल्पना असणे हा साध्या सन्मानाचा भाग आहे.

प्रतिवादी मात्र राष्ट्रच असावे लागते. आफ्रिकी संघाच्या ५५ सदस्यांपैकी मोरोक्को वगळता सर्वांनी सनद स्वीकारलेली आहे, त्यामुळे आयोगाचे क्षेत्र जवळपास अख्खा खंड आहे. कंपनी, सशस्त्र टोळी किंवा एखादा अधिकारी यांच्याविरुद्ध थेट तक्रार चालत नाही. म्हणून अन्याय कंपनीने केला असला तरी मांडणी अशी करावी लागते की सरकारने तो रोखला नाही, त्याची चौकशी केली नाही किंवा त्यात हात मिळवला. नायजेरियातील ओगोनी लोकांच्या प्रकरणात नेमके हेच घडले. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात सरकारी तेल महामंडळ आणि शेल कंपनी यांच्या भागीदारीतून होणाऱ्या तेल-उत्खननाने पाणी आणि शेती नासली, लष्कराने गावे जाळली. तक्रार नायजेरिया या राष्ट्राविरुद्ध झाली आणि २००१ मध्ये आयोगाने ओगोनींच्या बाजूने निर्णय दिला. हक्कांचा आदर करणे, त्रयस्थांपासून त्यांचे रक्षण करणे, त्यांना चालना देणे आणि ते प्रत्यक्षात उतरवणे अशा चार कर्तव्यांची त्या निर्णयातील विभागणी आजही मसुदा लिहिताना हाताशी ठेवावी. सरकारने काय केले आणि काय करायचे टाळले, हे दोन्ही त्या चौकटीत नीट बसते.

सामाजिक हक्कांसाठी झटणाऱ्यांना या सनदेचा आणखी एक आधार आहे. भारतीय राज्यघटनेत आरोग्य, काम, उपजीविका यांच्याविषयीच्या तरतुदी प्रामुख्याने मार्गदर्शक तत्त्वांत आल्या आणि त्या तत्त्वांच्या जोरावर थेट न्यायालयात जाता येत नाही. आफ्रिकी सनदेत कामाचा हक्क (कलम १५), आरोग्याचा (कलम १६), शिक्षणाचा (कलम १७) आणि समाधानकारक पर्यावरणाचा (कलम २४) हे हक्क भाषणस्वातंत्र्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्याच रांगेत आहेत आणि त्यांच्या भंगाबद्दल तशीच तक्रार करता येते. निवारा आणि अन्न यांचा सनदेत उल्लेख नाही, पण ओगोनी निर्णयात आयोगाने ते हक्क जीवन, आरोग्य, मालमत्ता आणि कुटुंब यांविषयीच्या कलमांत अभिप्रेत मानले. झोपडपट्टी पाडल्याची तक्रार करणाऱ्याने त्या परिच्छेदांचा हवाला द्यावा.

नैरोबी, दार-ए-सलाम किंवा कम्पाला येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने सनदेचे १२वे कलम महत्त्वाचे आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावले, तेव्हा ही सनद नव्हती. आज या कलमानुसार कायदेशीर प्रवेश मिळालेल्या परदेशी व्यक्तीला केवळ कायद्यानुसार झालेल्या निर्णयानेच घालवता येते आणि वंश, राष्ट्र वा धर्म यांवरून सामूहिक हकालपट्टी करण्यास स्पष्ट मनाई आहे. अंगोलाने १९९६ मध्ये पश्चिम आफ्रिकी नागरिकांना धरून बाहेर काढले, तेव्हा आयोगाने पुढच्याच वर्षी ते सनदेच्या विरुद्ध असल्याचे ठरवले. त्या लोकांना न्यायालयात जायला सवडच दिली नव्हती, म्हणून त्यांनी तेथे दाद मागितली नाही ही हरकतही आयोगाने मानली नाही.

घटना त्या देशाने सनद स्वीकारण्याआधीची असेल तर तक्रार सहसा टिकत नाही, पण परिणाम चालू असतील तर टिकते. कॅमेरूनमधील एका न्यायाधिकाऱ्याला १९८४ मध्ये तुरुंगात टाकले गेले आणि सुटकेनंतर नोकरीवर परत घेतले गेले नाही. जुन्या शिक्षेचे परिणाम सुरूच असल्याने आयोगाने त्यात लक्ष घातले.

देशातल्या न्यायालयाची फाईल

सर्वांत जास्त तक्रारी ज्या अटीवर अडतात ती अट म्हणजे देशांतर्गत दाद मागण्याचे मार्ग संपवल्याखेरीज आयोगाकडे यायचे नाही. तिच्यामागचे तत्त्व योग्यच आहे: सरकारला आपली चूक आपल्या न्यायालयात दुरुस्त करण्याची पहिली संधी मिळावी. व्यवहारात याचा अर्थ असा की खालच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता येईल तेवढे जावे आणि प्रत्येक टप्प्याचा कागद जपावा. अर्जाची पोच, रोजनाम्याचा उतारा, पुढे ढकललेल्या तारखा, निकालाची प्रमाणित प्रत, अपील फेटाळल्याचा आदेश, हे सर्व हवे. वकिलाने तोंडी सांगितलेले पुरत नाही. ज्या हक्काच्या भंगाबद्दल बंजुलला जायचे आहे तो मुद्दा देशातल्या न्यायालयातही निदान आशयाने मांडलेला असावा, नाहीतर सरकार म्हणते की आमच्यापुढे हा प्रश्न आलाच नव्हता, आणि त्या म्हणण्यात तथ्य असते.

गाम्बियाचे पदच्युत अध्यक्ष दावदा जवारा यांच्या प्रकरणात २००० साली आयोगाने या अटीची तीन अंगे सांगितली: दाद मागण्याचा मार्ग उपलब्ध असला पाहिजे, तो परिणामकारक असला पाहिजे आणि तो पुरेसा असला पाहिजे. १९९४ च्या लष्करी उठावानंतर देशाबाहेर असलेल्या जवारांना परत येऊन न्यायालयात उभे राहणे जिवावर बेतले असते, म्हणून त्यांच्यासाठी तो मार्ग उपलब्ध नव्हता. पुरोहित-मूर प्रकरणात गाम्बिया सरकारने कायद्यात आव्हानाची सोय असल्याचे सांगितले, पण देशातील मोफत कायदेशीर मदत फक्त मृत्युदंडाच्या आरोपींपुरती होती, आणि ज्यांच्याकडे पैसा नाही व ज्यांना वेडे ठरवले आहे अशा माणसांसाठी ती सोय कागदावरचीच होती हे आयोगाला पटले. नायजेरियात लष्करी वटहुकमाखाली विशेष न्यायाधिकरणाने दिलेली फाशी कायम करणे वा न करणे फक्त राज्यपालाच्या मर्जीवर सोडले होते. दयेचा अर्ज हा न्यायालयीन मार्ग नाही, म्हणून तो केला नाही तरी चालते, असे आयोगाने ठरवले.

हे अपवाद वाचून कोणी निष्काळजी होऊ नये. ‘आमच्या देशात न्यायालये सरकारच्याच खिशात आहेत’ एवढे वाक्य पुरत नाही. इथिओपियातील अनुआक समाजाच्या वतीने झालेल्या तक्रारीत तेथील न्यायालयांवर सर्वसाधारण अविश्वास व्यक्त केला होता, पण त्या न्यायालयांत जाण्याचा प्रयत्न केल्याचे दाखवले नव्हते, आणि आयोगाने तक्रार दाखल करून घेतली नाही. न्यायालय निरुपयोगी आहे असे म्हणायचे असेल तर तशाच स्वरूपाच्या आधीच्या याचिकांचे काय झाले, कोणत्या वटहुकमाने न्यायालयाचा अधिकार काढून घेतला, कोणत्या वकिलाला कधी धमकी आली, हे तारखांसह लिहावे. खटला अवाजवी रेंगाळला असेल तर तोही अपवाद आहे. बुर्किना फासोतील पत्रकार नॉर्बेर झोंगो यांची डिसेंबर १९९८ मध्ये हत्या झाली, आणि तपासात साडेसात वर्षांहून अधिक काळ गेल्यावर प्रकरण गुंडाळले गेले. आरुशा येथील आफ्रिकी न्यायालयाने (त्याच्याविषयी पुढे येईल) २०१४ मध्ये हा विलंब अवाजवी मानला. रेंगाळणे सिद्ध करण्यासाठी तारखांचा एक साधा तक्ता करावा आणि कोणती तारीख कोणाच्या विनंतीवरून पुढे गेली हेही त्यात नोंदवावे, कारण आपल्याच बाजूने वेळ मागितलेला असेल तर तो काळ आपल्या विरुद्ध मोजला जातो.

किती दिवसांत जावे

सनदेत ठराविक मुदत नाही. ‘वाजवी काळात’ एवढेच म्हटले आहे. पण झिम्बाब्वेतून परागंदा झालेले माजी न्यायाधीश मायकेल माजुरू यांची तक्रार २२ महिन्यांच्या विलंबामुळे बाद झाली, आणि सहा महिने हा इतरत्र रुळलेला मापदंड आयोगाने तेथे विचारात घेतला. त्यामुळे देशातील अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज जाईल असे पाहावे. ते जमले नाही तर आजारपण, तुरुंगवास, निर्वासित छावणीतील वास्तव्य, प्रमाणित प्रत मिळण्यास लागलेला वेळ यांपैकी जे खरे कारण असेल ते पुराव्यासह द्यावे.

अर्जाची भाषा आणि पुरावा

सनदेच्या ५६व्या कलमात एक अट अशी आहे की तक्रारीत राष्ट्राविषयी वा त्याच्या संस्थांविषयी अपमानकारक भाषा असू नये. कॅमेरूनच्या एका मानवी हक्क संघटनेची तक्रार छळ आणि हत्या यांसारख्या अतिशय गंभीर आरोपांबद्दल होती, तरी सरकारला उद्देशून वापरलेल्या जळजळीत शब्दांमुळे ती १९९७ मध्ये बाद झाली. मला ही अट अन्यायकारक वाटते, कारण ज्याने मार खाल्ला त्याच्याकडून सौम्य शब्दांची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझे टाकणे आहे. पण ती अट सनदेत आहे तोवर मसुद्यातील प्रत्येक विशेषण काढून त्याच्या जागी घटना, तारीख, ठिकाण आणि हुद्दा लिहावा. ‘क्रूर पोलिसांनी’ याऐवजी कोणत्या ठाण्याच्या कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या रात्री काय केले हे लिहिले की वाचणाऱ्याला क्रूरता आपोआप दिसते, आणि सरकारच्या वकिलाला हरकत घ्यायला जागा राहत नाही.

केवळ वृत्तपत्रांतील बातम्यांवर आधारलेली तक्रारही चालत नाही. यातील ‘केवळ’ हा शब्द निर्णायक असल्याचे आयोगाने जवारा प्रकरणात म्हटले आहे. म्हणजे कात्रणे जोडावीत, पण त्यांच्या जोडीला साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे, वैद्यकीय अहवाल, छायाचित्रे आणि सरकारशी झालेला पत्रव्यवहार असावा. अर्जदाराचे नाव दिलेच पाहिजे; ते सरकारला कळू नये अशी विनंती मात्र करता येते आणि भीती खरी असेल तर ती बिनदिक्कत करावी. तेच प्रकरण एखाद्या अन्य आंतरराष्ट्रीय यंत्रणेने आधीच निकालात काढले असेल तर आयोग ते घेत नाही.

अर्ज इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज किंवा अरबी भाषेत करावा. कुटुंबाकडची कागदपत्रे मराठीत, गुजरातीत किंवा स्वाहिलीत असतील तर त्यांचे अनुवाद साक्षांकित करून मूळ प्रतीसोबत जोडावेत. सुरुवातीला तक्रारदाराचे व पीडितांचे नाव-पत्ते आणि प्रतिवादी राष्ट्र, मग घटनांचा कालानुक्रम, मग देशात मागितलेल्या दादीचा इतिहास, मग सनदेच्या कोणत्या कलमाचा कसा भंग झाला त्याचे विवेचन आणि शेवटी मागण्या, असा क्रम ठेवल्यास आयोगाच्या सचिवालयाला त्रुटी दाखवून अर्ज परत पाठवावा लागत नाही. कलम १ बहुतेक प्रत्येक अर्जात घालावे, कारण हक्क अमलात आणण्याचे मूळ कर्तव्य तेथे आहे. ‘कायद्याच्या अधीन राहून’ अशी शब्दरचना काही कलमांत आहे आणि सरकारे तिचा आसरा घेतात. त्यावर उत्तर आधीच तयार ठेवावे. देशात यादवी किंवा आणीबाणी असल्याचा बचाव मात्र चालत नाही, कारण हक्क स्थगित करण्याची तरतूदच सनदेत नाही, आणि चाडच्या प्रकरणात १९९५ मध्ये आयोगाने ते निःसंदिग्धपणे सांगितले.

मागण्यांचा भाग बरेच जण एका ओळीत उरकतात. एंडोरोईस समाजाच्या प्रकरणाकडे पाहिले की तसे का करू नये हे समजते. केनिया सरकारने १९७३ मध्ये बोगोरिया तलावाभोवती अभयारण्य करण्यासाठी या पशुपालक समाजाला पिढीजात जमिनीवरून हटवले. २००९ च्या निर्णयात आयोगाने जमिनीची मालकी मान्य करून ती परत देणे, धार्मिक विधींसाठी आणि गुरांसाठी तलावाकडे मुक्तपणे जाऊ देणे, नुकसानभरपाई, तेथील आर्थिक उत्पन्नातील वाटा आणि समाजाच्या संघटनेची नोंदणी अशा स्वतंत्र शिफारशी केल्या. आपल्या मागण्याही अशाच सुट्या सुट्या, कोणी काय करायचे आणि किती काळात करायचे हे सांगणाऱ्या असाव्यात.

जीव धोक्यात असेल तर

फाशी, हद्दपारी किंवा घरे पाडणे डोक्यावर आले असेल तर मुख्य अर्जाबरोबरच अंतरिम उपायांची मागणी करावी. त्यासाठी निर्णयापर्यंत थांबू नये. भरून न येणारी हानी कोणती आणि ती केव्हा होणार हे पहिल्याच परिच्छेदात यावे. अशा आदेशाने सरकार नेहमी थांबतेच असे नाही. ओगोनींचे नेते आणि लेखक केन सारो-विवा यांची फाशी थांबवावी असे आयोगाने नायजेरियाला कळवले होते, तरीही १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांना आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना फाशी देण्यात आली. आयोगाने पुढे १९९८ मध्ये ही अवज्ञा स्वतंत्रपणे सनदेचा भंग ठरवली. म्हणून अशा वेळी बंजुलच्या पत्राची प्रत त्या देशाच्या उच्च न्यायालयात लगेच दाखल करून तेथेही स्थगिती मागावी.

आयोग की न्यायालय

आफ्रिकी न्यायालय टांझानियातील आरुशा येथे आहे आणि त्याचे निर्णय बंधनकारक असतात, म्हणून अनेकांना प्रथम तिकडे जावेसे वाटते. परंतु प्रतिवादी राष्ट्राने व्यक्ती आणि संस्थांना थेट प्रवेश देणारे स्वतंत्र घोषणापत्र दिलेले असेल तरच तेथे जाता येते, आणि संस्थेला शिवाय आयोगाकडील निरीक्षक दर्जा, म्हणजे आयोगाच्या कामकाजात भाग घेण्याची मान्यता, लागतो. सेनेगलविरुद्ध झालेला त्या न्यायालयातील पहिलाच अर्ज २००९ मध्ये या एका कारणाने फेटाळला गेला. रवांडाने २०१६ मध्ये, टांझानियाने २०१९ मध्ये, बेनिन व कोत दिव्हार यांनी २०२० मध्ये आपली घोषणापत्रे मागे घेतली. सामान्य माणसासाठी हे मोठे नुकसान आहे. घोषणापत्राची स्थिती अर्ज करण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावी. थेट दार बंद असले तरी आयोग स्वतः प्रकरण न्यायालयाकडे पाठवू शकतो, मात्र त्या राष्ट्राने न्यायालय स्थापन करणारा पूरक करार (प्रोटोकॉल) मान्य केलेला असावा लागतो. केनियाच्या माऊ जंगलातील ओगिएक लोकांचे प्रकरण असेच गेले आणि २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला.

पश्चिम आफ्रिकेतील देशांसाठी त्यांच्या ‘एकोवास’ या प्रादेशिक संघटनेचे नायजेरियातील अबुजा येथील न्यायालय हा कधीकधी अधिक जवळचा मार्ग ठरतो, कारण तेथे देशांतर्गत मार्ग संपवण्याची अट नाही. बाराव्या वर्षी विकल्या गेलेल्या हदिजातू मानी यांनी तेथेच नायजर सरकारविरुद्ध दाद मागितली आणि २००८ मध्ये त्यांना एक कोटी सीएफए फ्रँकची भरपाई मिळाली. मात्र निनावी अर्ज तेथे चालत नाही आणि तेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालू असेल तरीही चालत नाही. जानेवारी २०२५ मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजर त्या प्रादेशिक संघटनेतून बाहेर पडले आहेत, हेही लक्षात घ्यावे. पूर्व आफ्रिकेच्या प्रादेशिक न्यायालयात दोन महिन्यांची कडक मुदत आहे; ती चुकली तर बंजुलचाच विचार करावा.

निर्णय हाती आल्यावर

आयोगाचा निर्णय शिफारशीच्या रूपात असतो आणि त्याच्या अंमलबजावणीबद्दल सरकारने १८० दिवसांत लेखी माहिती देणे अपेक्षित असते. एंडोरोईस निर्णयानंतर केनियाने कृतिगट नेमला तो थेट २०१४ मध्ये, आणि दरम्यान २०११ मध्ये बोगोरिया तलाव त्या समाजाची संमती न घेता जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. त्यामुळे निर्णयाच्या दिवशीच पुढच्या कामाची वाटणी करावी. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार मंत्रालय लिहून त्यांना निर्णयाच्या प्रतीसह पत्रे पाठवावीत, पोच घ्यावी आणि १८० दिवस संपताच काय झाले व काय झाले नाही याचा स्वतःचा अहवाल आयोगाला द्यावा. निर्णयाची प्रत देशाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगालाही द्यावी. सनदेच्या ६२व्या कलमानुसार प्रत्येक राष्ट्राने दर दोन वर्षांनी आयोगाला अहवाल सादर करायचा असतो. त्या अहवालावर अधिवेशनात चर्चा ठरली की निरीक्षक दर्जा असलेल्या संस्थेमार्फत पर्यायी अहवाल दाखल करावा आणि अंमलात न आलेल्या शिफारशींबद्दल सरकारी प्रतिनिधींना कोणते प्रश्न विचारावेत, ते आयोगाच्या सदस्यांना त्यातच क्रमाने लिहून द्यावेत.